दक्षमित्रेची खोली, गौतमाबाईंची खासगी

नाशिकच्या दक्षिणेला, शहरापासून आठ-एक किलोमीटरवर, त्रिरश्मी डोंगराच्या कड्यात चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. त्यांतल्या दहाव्या लेण्याच्या पडवीत उषवदाताचा मोठा शिलालेख आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा हा जावई. त्याने किती गाई दिल्या, ब्राह्मणांना किती गावे दिली, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे कोणत्या धर्मशाळा बांधल्या, कोणत्या नद्यांवर नावा ठेवल्या, याची भली मोठी यादी तिथे कोरली आहे. गाईंचा आकडाच तीन लाखांचा आहे. त्याच पडवीच्या दोन्ही टोकांना भिक्खूंसाठी एकेक लहान खोली खोदलेली आहे आणि तिच्या दारावर मोजक्या शब्दांचा लेख आहे. राजा क्षहरात क्षत्रप नहपान याची मुलगी, दिनीकाचा मुलगा उषवदात याची पत्नी दक्षमित्रा, हिने ही खोली दान केली, एवढेच तो सांगतो.

बाप राजा, नवरा मोठा अधिकारी, तरी दानाची मालकीण दक्षमित्राच. नवऱ्याच्या यादीत एक ओळ वाढवून हे काम भागले असते. तसे झाले नाही. खोलीचा लेख वेगळा आणि त्यावर तिचे नाव वेगळे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नाशिकमधल्या एका विवाहित बाईकडे स्वतःच्या नावाने देता येईल असे धन होते, आणि ते तिने दिले, याचा हा पुरावा डोंगराच्या पोटात कोरलेला आहे.

विवाहित बाईने मागे काय ठेवले, आणि ते कोणाला मिळाले, हे शोधायचे तर नाशिकसारखी जागा थोडीच सापडेल. इथे सातवाहनकाळचे दगड आहेत, मराठेशाहीच्या सनदा आहेत, आणि अलीकडच्या शंभर-दीडशे वर्षांतली तांब्यापितळेची भांडी आहेत. हे सारे ओळीने पाहताना एक गोष्ट मनात पक्की होत जाते. बाईने जे घराबाहेर दिले ते तिच्या नावानिशी टिकले. जे घरात दिले, मुलीच्या हाती, सुनेच्या गळ्यात, ते हातोहात पुढे गेले आणि देणारीचे नाव दोन-तीन पिढ्यांत पुसले गेले. म्हणून आपल्याला दक्षमित्रेची खोली ठाऊक आहे; तिच्या मुलीला तिने काय दिले ते ठाऊक नाही.

त्रिरश्मीवर दक्षमित्रा एकटी नाही. अठरावे लेणे म्हणजे इथले चैत्यगृह. ते पूर्ण करवले भट्टपालिका नावाच्या बाईने. लेखात ती स्वतःची ओळख चार नात्यांनी देते: महाहकुसिरीची नात, राजामात्य अरहलयाची मुलगी, भांडारावरचा राजामात्य अगियतणक याची पत्नी आणि कपणणकाची आई. आजा, बाप, नवरा, मुलगा असे माहेर आणि सासर दोन्ही एका ओळीत बांधून तिने चैत्यावर लावले. विसाव्या लेण्याची गोष्ट आणखी वेगळी. बोपकी नावाच्या यतीने ते खोदायला घेतले आणि कित्येक वर्षे ते तसेच अर्धवट पडून राहिले. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या सातव्या राज्यवर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पुरे केले आणि संघाला दिले. तिथे तिचे पद ‘महासेनापतिनी’ असे लिहिले आहे. दुसऱ्याने सुरू केलेले आणि सोडून दिलेले काम पदरचे पैसे घालून तडीस नेण्यात जो मोठेपणा आहे तो मला नवे लेणे खोदण्यापेक्षा कमी वाटत नाही.

पण पैशाचा व्यवहार सगळ्यांत नीट दिसतो तो विष्णुदत्तेच्या लेखात. काळ तिसऱ्या शतकातला. सातवाहन मागे पडले होते आणि नाशिक आभीर राजा ईश्वरसेनाच्या ताब्यात होते. त्याच्या नवव्या राज्यवर्षी, उन्हाळ्यात, हा लेख कोरला गेला. विष्णुदत्ता शकांच्या घरातली, अग्निवर्म्याची मुलगी. नवरा रेभिल आणि मुलगा विश्ववर्मा, दोघेही ‘गणपक’, म्हणजे बहुधा हिशेबनीस. त्रिरश्मीवर राहणाऱ्या भिक्खूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधपाण्यासाठी तिने अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता व्याजावर चालणारी कायमची ठेव. ती ठेवली गोवर्धनातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे. गोवर्धन हे त्या काळचे इथले मोठे नगर, आजच्या नाशिकजवळचेच. कुलरिकांच्या, म्हणजे बहुधा कुंभारांच्या, श्रेणीकडे १००० कार्षापण (त्या काळची नाणी), पाण्याची यंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २०००, शिवाय तेल गाळणाऱ्यांची श्रेणी. पुढचा मजकूर झिजला आहे.

या व्यवहाराचे वैशिष्ट्य रकमेच्या वाटणीत आहे. सगळी रक्कम एका श्रेणीकडे ठेवली असती तर ती श्रेणी बुडाल्यावर आजाऱ्यांचे औषध बंद पडले असते. तिने ती वेगवेगळ्या धंद्यांत विभागून ठेवली. हिशेबनिसाच्या घरात संसार केलेल्या बाईचा हा शहाणपणा आहे, असे मला वाटते. उषवदातानेही अशीच ठेव केली होती. विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण, त्यांतले २००० दरमहा एक टक्क्याने आणि १००० पाऊण टक्क्याने. म्हणजे ही पद्धत गोवर्धनात शे-दीडशे वर्षे मुरलेली होती, आणि बायकाही तिच्यात पुरुषांसारख्याच शिरत होत्या.

आता तिसऱ्या लेण्याकडे येऊ. इथे एका आईने आपल्या मुलाला जे दिले त्याला दुसरी तोड नाही.

गौतमी बलश्री ही सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलाच्या हयातीतच तिचा शब्द राज्यकारभारात चालत होता. याच लेण्यात, गौतमीपुत्राच्या २४व्या राज्यवर्षाचा, गोवर्धनचा अमात्य श्यामक याला पाठवलेला आदेश कोरलेला आहे. तो राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने आहे. विषय अगदी व्यवहारातला. भिक्खूंना पूर्वी कखडी गावातले शेत दिले होते. पण गाव ओस पडले, शेत कोणी कसत नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतली १०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) त्यांना द्यावीत. दान दिले आणि विसरले, असे या घराचे नव्हते. दिलेले दान चालते की नाही, यावर राजमातेची नजर होती.

नंतर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी, बलश्रीने हे लेणे करवून भद्रायणीय पंथाच्या भिक्खूंना दिले. त्या प्रसंगीचा प्राकृतातला लांबलचक लेख पडवीत दाराच्या वर आहे. भगवानलाल इंद्रजींनी तो वाचून उलगडला, पुढे एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त त्याची पक्की वाचना छापली. लेखात बलश्री स्वतःबद्दल थोडेच बोलते. सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमणारी, तप आणि नियम पाळणारी, राजर्षीची वधू म्हणवून घ्यायला शोभेल अशी, एवढे. बाकी सगळा लेख मुलाचा आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते गौतमीपुत्र तेव्हा हयात नव्हता. त्याचे राज्य कुठून कुठवर होते, त्याच्या घोड्यांनी तिन्ही समुद्रांचे पाणी कसे प्यायले, शक-यवन-पल्हवांना त्याने कसे नमवले, क्षहरातांचा वंश कसा निर्मूळ केला, प्रजेच्या सुखदुःखाला तो आपले कसे मानत असे आणि आईच्या सेवेत कधी उणा कसा पडला नाही, हे सारे आईच्या दानलेखात आहे.

गौतमीपुत्राबद्दल आज शाळेच्या पुस्तकात जे दोन परिच्छेद असतात त्यांचा मोठा भाग इथून आलेला आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतली सुमारे दोन तृतीयांश गौतमीपुत्राने स्वतःचा छाप मारून पुन्हा चालवलेली. तेव्हा आईचा शब्द नाण्यांनी खरा केला. पण आधी शब्द होता, म्हणून नाण्यांचा अर्थ लागला. वारसा आईकडून मुलाकडे जातो हे आपण धरून चालतो. इथे गेलेल्या मुलाला म्हाताऱ्या आईने नाव दिले, आणि त्याच लेखात नातू पुळुमावीने आजीच्या लेण्याच्या निगेसाठी पिसाजिपदक हे गाव देऊन त्याचे पुण्य बापाच्या खात्यावर जमा केले. तीन पिढ्यांची ही देवघेव आजीच्या दानाभोवती गुंफलेली आहे.

नहपानाची मुलगी दक्षमित्रा दहाव्या लेण्यात आणि तिच्या बापाचा वंश बुडवल्याचा अभिमान सांगणारी बलश्री तिसऱ्या लेण्यात. मध्ये चालत गेले तर काही पावलांचे अंतर. उषवदाताकडची २०० निवर्तनांची शेती गौतमीपुत्राने १८व्या राज्यवर्षी भिक्खूंना देऊन टाकली. दक्षमित्रेची खोली मात्र तिच्या नावासकट तशीच राहिली.

हे धन बायकांकडे आले कुठून? शास्त्रकारांनी त्याला स्त्रीधन म्हटले. मनुस्मृतीत त्याचे सहा प्रकार आहेत: लग्नाच्या अग्नीसमोर दिलेले, सासरी जाताना दिलेले, प्रेमाने दिलेले, आणि आई, बाप व भाऊ यांनी दिलेले. कात्यायनाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की आप्तांनी मायेने दिलेल्या धनावर, त्यात जमीनजुमला असला तरी, बाईचीच सत्ता. नवरा, मुलगा, बाप किंवा भाऊ यांचा त्यावर हक्क नाही. याज्ञवल्क्याने नवऱ्याला चारच प्रसंगी सवलत ठेवली: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि बंदिवास. त्या वेळी बायकोचे धन वापरले तर परत करण्याची सक्ती नाही. एरवी ते तिचेच.

आणि ती गेल्यावर? इथे जुन्या शास्त्राचा कल आज अनेकांना नवल वाटावा असा आहे. गौतमाच्या धर्मसूत्राप्रमाणे आईचे स्त्रीधन मुलींना, त्यांतही आधी लग्न न झालेल्या आणि ज्यांची परिस्थिती बेताची आहे अशा मुलींना. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त हेच धरले आणि स्त्रीधनाची व्याख्या आणखी रुंद केली. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने काशीत ‘व्यवहारमयूख’ लिहिला. त्याचे घराणे मूळचे पैठणचे. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत पुढे मिताक्षरा आणि मयूख हेच दोन आधार मानले गेले. बापाची इस्टेट मुलांकडे आणि आईचे धन मुलींकडे, अशा दोन वाटा एकाच घरातून निघत होत्या. वाटा सारख्या रुंद नव्हत्या, हे खरे. शेत, वाडा, वतन पहिल्या वाटेने जाई आणि दुसऱ्या वाटेने दागिने, लुगडी, भांडी.

या दुसऱ्या वाटेचे कागद नाहीत. नथ, पाटल्या, गोठ, तोडे, ठुशी, पुतळ्यांची माळ आईच्या अंगावरून मुलीच्या अंगावर गेली ती मृत्युपत्राशिवाय. येवल्याची पैठणी एकीवर संपत नाही, दुसरीच्या लग्नातही नेसली जाते. दोन मुली असल्या की आईच्या पाटल्या मोडून सोनाराकडे दोन जोड घडत, आणि त्या क्षणी मूळ पाटल्या संपत. सोने राहते, वस्तू राहत नाही. हा वारसा इतका खरा आणि इतका बिननावाचा आहे, की इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती त्याचे टोकही लागत नाही.

एक अपवाद मात्र आहे आणि तो नाशिककरांच्या घरातला आहे. नाशिकच्या तांबटांची तांब्यापितळेची भांडी दूरदूर नावाजलेली. लग्नात द्यायच्या हंड्यावर, कळशीवर, परातीवर नाव घालून देण्याची रीत होती. चि. सौ. कां. अमुक हिस आईकडून, मावशीकडून, आत्याकडून, खाली तारीख. ठोक्याठोक्यांनी घातलेली ती अक्षरे म्हणजे साध्या घरातल्या बाईचे एकमेव लेखी मृत्युपत्र होते, असे मी मानतो. देणारी कोण, घेणारी कोण, नाते काय आणि केव्हा दिले, दक्षमित्रेच्या दारावर जे आहे त्याहून त्यात एक गोष्ट अधिकच आहे. स्टीलची भांडी आली, फ्लॅट लहान झाले, हंडे मोडीत गेले. मोडीत तांबे किलोवर जाते. जुन्या घरात असे एखादे भांडे असेल तर त्यावरचा मजकूर उतरवून तरी ठेवावा, एवढी कळकळीची विनंती.

मराठेशाहीत पुन्हा नावे दिसू लागतात, ती मोठ्या घरांतली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई माहेरच्या वाईच्या रास्ते. मुलगा माधवराव याच्याशी बिनसल्यावर त्या नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या. थोरला विश्वासराव पानिपतात पडला होता. माधवराव १७७२ मध्ये गेला. १७७३ मध्ये नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला. तीन मुलगे गेल्यावर नातू सवाई माधवराव तेवढा उरला. दिवस कसा घालवावा, अभ्यास कसा करावा, कोणाशी कसे वागावे, हे त्यांनी त्याला पत्रातून कळवले. १७८८ मध्ये त्या नाशिकलाच वारल्या. ज्या बाईच्या हाताखालून पेशवाईची दौलत गेली होती तिने नातवाला दिलेले जे आज वाचता येते ते हे शहाणपण.

होळकरांच्या घरात गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई या त्यांच्या मामाच्या, तळोद्याच्या भोजराज बारगळ यांच्या कन्या. १७३४ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर दिली. मल्हारराव सरदार होते, त्यांचा सरंजाम वेगळा. तो फौजेच्या खर्चासाठी होता आणि धन्याची मर्जी फिरली तर जाऊही शकत होता. खासगी बाईंची. लढाईत नवरा पडला, कर्ज झाले, मर्जी गेली, तरी घरातल्या बाईच्या हाती काहीतरी उरावे, अशी ती तजवीज होती. दौलत आणि खासगी हे दोन हिशेब तेव्हापासून होळकरांकडे वेगळे राहिले.

गौतमाबाई सप्टेंबर १७६१ मध्ये गेल्या. नवरा जिवंत होता. मुलगा खंडेराव सात वर्षांपूर्वी कुंभेरीच्या वेढ्यात मारला गेला होता. खासगी गेली विधवा सुनेकडे, अहिल्याबाईंकडे. शास्त्रात स्त्रीधन आईकडून मुलीला जाते, इथे ते सासूकडून सुनेला गेले, कारण ते घरच्या धनिणीसाठी दिलेले होते. छत्तीस वर्षांची विधवा, जिला सती जाण्यापासून सासऱ्याने परावृत्त केले होते, तिच्या हाती सासूने ठेवलेला हा आधार आला. पुढे अहिल्याबाईंनी जे केले त्याचा पाया इथे आहे, आणि गौतमाबाईंचे नाव त्यासाठी जितके घ्यायला हवे तितके घेतले जात नाही.

१७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेल्यावर माधवराव पेशव्यांचे काका राघोबादादा यांची नजर होळकरांच्या खजिन्याकडे वळली. अहिल्याबाईंनी त्या धनावर तुळशीपत्र ठेवून पाणी सोडले, ते धर्माला वाहिले, आणि मग मागणाऱ्याला नकार दिला. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमने मध्य भारतावरच्या १८२३च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत दिली आहे. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंचाच पक्ष उचलून धरला. धर्माला वाहिलेले धन कोणी मागू शकत नाही, हे बाईंना पक्के ठाऊक होते. त्रिरश्मीवरच्या बायकांनाही ते ठाऊक असावे.

त्या धनातून काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे आणि घाट उभे राहिले. नाशिकला गोदेकाठी मंदिर, घाट आणि धर्मशाळा झाली. चांदवडला, जिथे होळकरांचा रंगमहाल आजही उभा आहे, तिथे रेणुकेचे देऊळ बाईंनीच नीट केले. पण माल्कमने नोंदलेल्या दोन हकीकती मला या देवळांहून मोलाच्या वाटतात. इंदूरचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. होळकरांची फौज सांभाळणाऱ्या तुकोजी होळकरांनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. विधवा बाईंच्या राजधानीला, महेश्वरला धावली. अहिल्याबाईंनी तिला वस्त्रे देऊन सर्व संपत्तीची मालकीण ठरवले आणि तुकोजींना इंदुरातून मुक्काम हलवायला लावला. खरगोणच्या दोन सावकार भावांच्या विधवा आपले सारे धन बाईंच्या पायाशी वाहायला आल्या. बाईंनी ते घेतले नाही. लोकांच्या उपयोगाच्या कामांत तुम्हीच खर्च करा, असे सांगितले, आणि त्या दोघींनी तसे केले. राज्याच्या खजिन्यात आयते येणारे धन परत करायचे आणि वर बाईच्या हाती तिचा निर्णय ठेवायचा, असे दुसऱ्या कोणत्या दरबारात घडले?

अहिल्याबाईंना हे सारे आपल्या मुलीकडे देता आले नाही. मुलगी मुक्ताबाई १७९१ मध्ये नवऱ्यामागे सती गेली. तिचा मुलगा आधीच गेला होता. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई वारल्या तेव्हा पोटचे कोणी उरले नव्हते. मंदसोरच्या तहाने १८१८ मध्ये होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, त्यात चांदवडही. खासगीचे नाव मात्र होळकरांच्या घरात टिकले. १९६२ मध्ये तिच्यासाठी विश्वस्त निधी झाला: खासगी देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज ट्रस्ट. देशभरात ठिकठिकाणी पसरलेल्या २४६ मालमत्ता त्याच्या यादीत होत्या. या देवळांचा, घाटांचा, धर्मशाळांचा मालक कोण आणि ही मालमत्ता विकता येते का, हा वाद मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेला. तिथे २०२० मध्ये निकाल झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सार्वजनिक न्यास ठरवला आणि मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली आणला.